शेवटची दहा मिनिटं नशिबाची नसतात

६ एप्रिल २०२५ च्या रात्री फातोर्ड्याच्या मैदानावर इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) उपांत्य फेरीच्या परतीच्या सामन्यात ८८व्या मिनिटाला आर्मांदो सादिकूचा गोल झाला आणि एफसी गोवाने बेंगळुरूविरुद्धची दोन गोलांची पिछाडी पुसून काढली. चार मिनिटांनी, ९०+२ ला (म्हणजे भरपाई वेळेत), सुनील छेत्रीचा हेडर जाळ्यात गेला. एकत्रित हिशेब ३-२, बेंगळुरूच्या बाजूने. आयएसएलमधला क्लब सिंधुदुर्गात नाही, त्यामुळे तेरेखोलच्या अलीकडचा फुटबॉलवेडाही गोव्यालाच आपला संघ मानतो. मडगावपासून बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ल्यापर्यंत त्या रात्री जी चर्चा सुरू झाली, ती अजून दोन वाक्यांच्या पलीकडे गेलेली नाही. एक, प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतरची बाद फेरी, ही निव्वळ लॉटरी. चोवीस सामन्यांची मेहनत एका चेंडूत मातीमोल. दोन, आपल्या संघाला मोठ्या सामन्याचं काळीजच नाही. दोन्ही वाक्यं कळवळ्यातून आलेली आहेत, आणि दोन्ही चुकीची आहेत. नशीब म्हटलं की पुढे विचारायला काही उरत नाही, आणि काळीज म्हटलं की एखाद्या पोराला शिव्या देऊन विषय संपतो. माझं म्हणणं असं आहे की सामन्याची शेवटची दहा मिनिटं हे एक स्वतंत्र काम आहे. ते शिकवता येतं, त्याचा सराव करता येतो, ते नीट झालं की नाही हे मोजताही येतं. आणि गोव्याचे मोठे पराभव याच कामातले आहेत.

आधी इतिहास सरळ मांडू. २०१४ पासूनच्या पहिल्या ११ हंगामांत गोवा ८ वेळा बाद फेरीत पोचला, यावरून संघाचा दर्जा कळतो. आता हे सामने हरले कसे ते बघा. २० डिसेंबर २०१५, फातोर्डा, अंतिम सामना चेन्नईयिनविरुद्ध: ८७व्या मिनिटाला गोवा २-१ ने पुढे, ९०व्या मिनिटाला स्वयंगोल, ९०+२ ला स्टिव्हन मेंडोझाचा गोल, २-३. मार्च २०१९, मुंबईतला अंतिम सामना: जादा वेळेच्या पहिल्या सत्राच्या अखेरीस मधल्या फळीतला खेळाडू दुसऱ्या यलो कार्डने बाहेर, दहा जणांवर खेळ, ११७व्या मिनिटाला कॉर्नर आणि राहुल भेकेचा हेडर. एप्रिल २०२४, फातोर्डा, उपांत्य फेरीचा पहिला सामना: ९०व्या मिनिटापर्यंत मुंबई सिटीवर २-० अशी आघाडी, शिट्टी वाजली तेव्हा २-३. आणि मग २०२५. चार हंगाम, तीन वेगळे प्रशिक्षक, खेळाडूही बरेचसे वेगळे, आणि चारही वेळा घाव ९०व्या मिनिटाच्या पुढचा. यात दोन पेनल्टी शूटआउट मिळवा: २०१४ मध्ये कोलकात्याविरुद्ध आणि २०२१ मध्ये मुंबईविरुद्ध, तेही सडनडेथपर्यंत (पाच-पाच पेनल्टीनंतरही बरोबरी, मग एकेक) जाऊन ५-६.

नशीबवाल्यांचा मुद्दा हलका नाही, तो आधी मान्य करतो. फुटबॉलमध्ये गोल कमी होतात. कबड्डीत दोन्ही संघांचे मिळून साठ-सत्तर गुण होतात, त्यात एखादी चुकीची पकड पचून जाते. इथे साऱ्या सामन्यात दोन-तीन गोल, त्यातला एक खांबाला लागून आत गेला की बाहेर आला, यावर वर्ष ठरतं. गुणतालिकेत गोव्याचे ४८ गुण होते, बेंगळुरूचे ३८. दहा गुणांचा हा फरक चोवीस सामन्यांत कमावलेला, आणि तो १८० मिनिटांत शून्य झाला. सामने जितके कमी तितकी नशिबाला जागा जास्त, हे गणित कुणी नाकारू नये. आणखी एक प्रामाणिक आक्षेप आहे: जो संघ आठ वेळा बाद फेरीत जातो तो सात-आठ वेळा हरणारच, त्यातले चार पराभव उशिरा झाले म्हणून त्यात काही सूत्र शोधणं म्हणजे ढगात हत्ती बघणं. हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो.

पण नशीब आहे हे मान्य केलं तरी एक प्रश्न राहतोच: फासा किती वेळा पडू द्यायचा, हे कुणाच्या हातात असतं? आपल्या गोलसमोर शेवटच्या दहा मिनिटांत दोन क्रॉस (कडेवरून गोलसमोर मारलेले चेंडू) आले तर गोल होण्याची शक्यता थोडी, आठ क्रॉस आणि चार कॉर्नर आले तर ती कितीतरी जास्त. प्रत्येक क्रॉसमध्ये नशीब असेल, क्रॉसची संख्या मात्र नशिबाची नाही. २०१९ चा तो हेडर घ्या. कॉर्नरवर चेंडू नेमका भेकेच्या डोक्यावर आला, याला हवं तर योग म्हणा. पण दहाच खेळाडू असणं हा योग नव्हता. आधीच एक यलो कार्ड असलेल्या, थकलेल्या, चेंडूमागे धावणाऱ्या मधल्या फळीच्या खेळाडूला १००व्या मिनिटानंतर मैदानावर ठेवायचं की नाही, हा बाकावरून घ्यायचा निर्णय असतो. आणि एक माणूस कमी झाला की कॉर्नरवर कुणाचं तरी मार्किंग सुटतं किंवा पहिल्या खांबाची जागा रिकामी राहते. हा हिशेब शाळेच्या संघालाही कळतो.

नशिबाची सगळ्यात गाजलेली गोष्ट १९५४ च्या विश्वचषकाची. हंगेरीचा संघ १९५० पासून हरला नव्हता. साखळीत त्यांनी पश्चिम जर्मनीला ८-३ असं धुतलं आणि अंतिम सामन्यात आठ मिनिटांत २-० आघाडी घेतली. हरले ३-२. तेव्हापासून लोक सांगतात की पाऊस आला म्हणून जर्मनी जिंकली. पाऊस तर दोन्ही संघांवर पडला! फरक असा की जर्मनांच्या बुटांना आटे असलेले, काढता-घालता येणारे स्टड होते, चिखल झाल्यावर ते लांब स्टड लावून खेळले. शिवाय ८-३ च्या त्या साखळी सामन्यात त्यांच्या प्रशिक्षकाने मुख्य खेळाडूंपैकी बरेच जण बसवून ठेवले होते, कारण स्पर्धेच्या रचनेत तो सामना हरणं परवडत होतं. हंगेरीचा शेवटचा गोल ऑफसाइड ठरला, त्यावर आजही वाद आहे, आणि वाद घालायला जागाही आहे. पण एका संघाने बाद फेरी हा वेगळा खेळ आहे असं समजून तयारी केली होती, हे त्या वादाने पुसलं जात नाही.

आता शेवटच्या दहा मिनिटांत मैदानावर नेमकं काय होतं ते बघू, कारण चर्चेत नेमकं हेच नसतं. सिंधुदुर्गात रापण ओढताना पाहिलेल्या माणसाला हे पटकन समजेल. होडीने जाळं अर्धगोल टाकलं जातं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर दोन गट ओढतात. जाळं जवळ यायला लागलं की दोन्ही गट एकमेकांकडे सरकतात, ओढ सारखी ठेवतात, आणि काही जण पाण्यात उतरून जाळ्याचा खालचा दोर वाळूला चिकटून राहील याची काळजी घेतात. मासळी निसटते ती याच वेळी, उथळ पाण्यात, खालचा दोर वीतभर उचलला गेला की. तासभराची ओढ बरोबर असते, शेवटच्या पन्नास हातांत एका बाजूने घाई केलेली असते. हे ज्यांनी पाहिलंय ते त्याला दर्याची मर्जी म्हणत नाहीत. कुठल्या बाजूने दोर उचलला, हे त्यांना माहीत असतं.

आघाडी राखणाऱ्या संघाचं अगदी असंच होतं. बचाव फळी भीतीने एकेक पाऊल मागे सरकते आणि पेनल्टी क्षेत्राच्या रेषेच्या आत, कधी कधी थेट गोलरक्षकाच्या अंगावर जाऊन उभी राहते. मधल्या फळीचे पाय थकलेले असतात, ती तेवढी मागे येत नाही. दोन फळ्यांमध्ये दहा-बारा मीटर अंतर हवं, तिथे वीस-पंचवीस मीटरचं मोकळं मैदान तयार होतं. आपण डोक्याने बाहेर काढलेला प्रत्येक चेंडू त्याच मोकळ्या पट्ट्यात पडतो आणि तिथे फक्त समोरच्याचा माणूस असतो. तो चेंडू बाजूला देतो, क्रॉस येतो, पुन्हा अर्धवट चेंडू बाहेर, पुन्हा क्रॉस. खालचा दोर उचलला गेला तो इथे. यावर उपाय ठरलेले आहेत आणि त्यांत काही गूढ नाही. बचाव फळीने १६ मीटरच्या रेषेवर थांबायचं, चेंडू मागे गेला की सगळ्यांनी मिळून चार पावलं पुढे यायचं. क्रॉस मारणाऱ्यासमोर दोन मीटरच्या आत कुणीतरी असायलाच हवं, कारण मोकळ्या माणसाने मारलेला क्रॉस आणि अडवलेल्या माणसाने मारलेला क्रॉस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक वेगवान खेळाडू मध्यरेषेजवळ पुढेच ठेवायचा. तो एकटा असला तरी समोरचे दोन बचावपटू त्याच्यापायी मागे अडकतात, म्हणजे आपल्या गोलसमोरची गर्दी दोनाने कमी होते. चेंडू मिळाला की उंच भिरकावायचा नाही, कडेच्या कोपऱ्यात न्यायचा, थ्रो-इन मिळवायचा.

बदली खेळाडूंचं गणित तर चर्चेत कधीच येत नाही. पाच जण बदलता येतात, पण खेळ थांबवून फक्त तीन वेळा. मध्यंतरातली बदली त्यात मोजत नाहीत. पिछाडीवरचा संघ साहजिकच ६० ते ७५ मिनिटांच्या दरम्यान तिन्ही संधी वापरून टाकतो. मग ८८व्या मिनिटाला बरोबरी झाली की मैदानावर चार आक्रमक, पेटके आलेला एखादा फुल-बॅक, आणि प्रशिक्षकाच्या हातात काहीच नाही. म्हणून पिछाडीवर असतानाही एक संधी ८५व्या मिनिटापर्यंत राखून ठेवणं शहाणपणाचं. बरोबरीचा गोल झाला की लगेच उंच, ताज्या दमाचा बचावपटू आत येतो, आणि त्या बदलीत जाणारं अर्धं मिनिट डोकी थंड करतं. इथे एक बारीक गोष्ट विसरली जाते: गोलचा जल्लोष जितका लांबतो, तितकी भरपाई वेळ वाढते. ८८व्या मिनिटाला गोल झाला म्हणजे दोन मिनिटं उरली असं नसतं. सहा-सात मिनिटं धरून चालावं लागतं.

त्या रात्री बरोबरीनंतर गोव्याला काय हवं होतं? काहीच नको होतं. एकत्रित २-२, घरचं मैदान, समोर जादा वेळेची तीस मिनिटं. चार-पाच मिनिटं चेंडू फिरवत बसले असते तरी चाललं असतं. पण अशा क्षणी संघ तिसऱ्या गोलसाठी पुढे धावतो, आणि त्याला पुढे रेटणारे आपणच असतो. स्टेडियममधला गजर असो वा टीव्हीसमोरचा, तो म्हणत असतो "आता मारा". थांबा असं कुणी ओरडत नाही. कबड्डीच्या मैदानावर हाच कोकणी प्रेक्षक किती वेगळा असतो! शेवटची दोन मिनिटं, आपला संघ तीन गुणांनी पुढे, चढाईपटू निघाला की सगळं मैदान त्याला वेळ काढायला सांगतं. तीस सेकंदांची चढाई, निदान रेषा ओलांडायची म्हणजे बाद व्हायची भीती नाही, कुणाला हात लावायच्या फंदात पडायचं नाही, परत यायचं. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण घ्यावाच लागतो, म्हणून ती कुणी करायची हेही आधी ठरलेलं. तीन किंवा कमी गडी उरले की पकडीला दोन गुण, हे ध्यानात ठेवून समोरचा संघ मुद्दाम चढाई कुठे करतो तेही दहावीतल्या पोराला माहीत असतं. इथे सामना हातचा गेला तर गावातला कुणी नशीब म्हणत नाही. कुणाची चढाई चुकली ते नावानिशी सांगतो. हीच नजर फुटबॉलकडे वळवायला काय हरकत आहे?

प्लेऑफच रद्द करा म्हणणाऱ्यांशी माझं अर्धं भांडण आहे. वरच्या क्रमांकाला आणखी फायदा मिळायला हवा, हे मला पटतं. २०२४-२५ च्या हंगामात पहिल्या दोघांना थेट उपांत्य फेरी आणि परतीचा सामना घरी, एवढंच मिळालं. आयपीएलमध्ये २०११ पासून पहिल्या दोन संघांना हरल्यावर दुसरी संधी असते. मेक्सिकोच्या लीगमध्ये उपांत्य फेरीत एकत्रित बरोबरी झाली तर गुणतालिकेत वर असलेला संघ पुढे जातो. हा नियम आपल्याकडे यावा असं मनापासून वाटतं. पण तो गोव्याच्या इतिहासाला लावून बघा. २०२१ मध्ये मुंबई पहिली होती, गोवा चौथा, फायदा मुंबईला. २०२४ मध्ये एकत्रित २-५. काही उपयोग नाही. २०२० मध्ये गोवा पहिला होता, १८ सामन्यांत ३९ गुण, पण चेन्नईत १-४ हरून घरी ४-२ जिंकला, एकत्रित ५-६, इथेही नाही. आणि २०२५ मध्ये? सादिकूच्या गोलनंतर नियमाने गोवा पुढे असता, आणि तरीही ९०+२ चा तो हेडर अडवावाच लागला असता. नियम बदलला तरी शेवटची चार मिनिटं तिथेच उभी राहतात. शिवाय लीगची मेहनत वाया जाते हे अर्धसत्य आहे. त्या मेहनतीसाठी २०१९-२० पासून लीग विनर्स शील्ड आहे. पहिली शील्ड गोव्यानेच जिंकली आणि त्याच जोरावर आशियाई क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. आणि बाद फेरी नसली तरी शेवटचा सामना कुणाला चुकलाय? १९५० च्या विश्वचषकात अंतिम सामनाच नव्हता, चार संघांची साखळी होती. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती आणि उरुग्वेने ७९व्या मिनिटाला गोल करून त्यांना घरच्या मैदानावर २-१ हरवलं.

राहिला काळजाचा मुद्दा. हा आरोप करणाऱ्यांनी १९९९ चा बायर्न म्युनिक आठवावा. बार्सिलोनातला युरोपीय अंतिम सामना, सहाव्या मिनिटापासून १-० आघाडी, आणि भरपाई वेळेत मँचेस्टर युनायटेडचे दोन गोल, दोन्ही कॉर्नरवर. त्या संघात काळीज नाही असं म्हणणारे तेव्हा खूप होते. दोन वर्षांनी, मे २००१ मध्ये, त्यातल्याच अनेक खेळाडूंनी हॅम्बर्गमध्ये ९०व्या मिनिटाला गोल खाल्ल्यावर ९०+४ ला बरोबरी करून जर्मन लीग जिंकली, आणि चारच दिवसांनी व्हॅलेन्सियाविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये युरोपचा चषक. काळीज दोन वर्षांत उगवतं का? इंग्लंड १९९० पासून २०१२ पर्यंत सहा मोठे शूटआउट हरला. २०१८ च्या विश्वचषकाआधी पेनल्टीचा पद्धतशीर सराव केला, मारण्याचा क्रम आधी ठरवला, मध्यवर्तुळातून चालत येण्यापर्यंतची तयारी केली, आणि कोलंबियाला हरवलं. २०२१ मध्ये पुन्हा हरले, कारण सराव हमी देत नाही, शक्यता वाढवतो. गोव्याचंही तेच. बेंगळुरूकडून हरल्यावर महिन्याच्या आत, ३ मे २०२५ ला, याच संघाने भुवनेश्वरमध्ये जमशेदपूरला ३-० हरवून सुपर कप जिंकला. तो सुपर कप सगळा बाद फेरीचाच होता. एप्रिलमध्ये नसलेलं काळीज मेमध्ये आलं कुठून? खेळाडूंना भ्याड म्हणणं हा अन्याय आहे, आणि त्याने गोलरक्षकासमोरची ती मोकळी जागा भरत नाही.

एक गोष्ट आपल्या हवेची. एप्रिलच्या रात्री साडेसातलाही इथे घाम वाळत नाही. अंगावरचा घाम वाळला तरच शरीर थंड होतं, नाहीतर ७५ मिनिटांनंतर पाय जड होतात आणि चेंडूकडे बघत उभं राहण्याची सवय लागते. ही हवा पाहुण्या संघाला आपल्यापेक्षा जास्त जाचायला हवी, कारण आपण वर्षभर तिच्यातच खेळतो. पण त्यासाठी सराव सकाळच्या गारव्यात न ठेवता सामन्याच्या वेळेला ठेवावा लागतो, आणि शेवटच्या टप्प्याचा सराव सत्राच्या सुरुवातीला ताज्या पायांनी नव्हे, शेवटी दमलेल्या पायांनी करावा लागतो.

हे फक्त फातोर्ड्यापुरतं नाही. सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळच्या मैदानांवर खेळणाऱ्या पोरांच्या स्पर्धाही बाद पद्धतीच्याच असतात, छोट्या वेळेच्या, आणि बऱ्याच पेनल्टीवर सुटतात. तिथल्या प्रशिक्षकांना सांगण्यासारखं एवढंच: आठवड्यातून दोनदा, सरावाच्या शेवटी, फळ्यावर १-० लिहा. एका बाजूला आघाडी द्या, दुसऱ्या बाजूला एक आक्रमक जास्त. बचाव करणाऱ्या संघातला एक जण मधेच बाहेर काढा, म्हणजे दहा जणांवर कोण कुठे सरकतो ते पोरांना स्वतःला कळेल. प्रत्येक क्रॉस मोजा आणि नंतर आकडा मोठ्याने वाचा. बरोबरी झाली तर खेळ थांबवून पाच पेनल्टी घ्या, दमलेल्या पायांनी, मध्यवर्तुळातून चालत येऊन, बाकीच्यांना बघायला उभं करून. दहा मिनिटं संपली असं पोरांना वाटलं की शिट्टी वाजवू नका, आणखी सहा मिनिटं खेळवा, आणि किती वेळ उरलाय ते त्यांना सांगू नका.